सायंताऱ्यापासून शुक्रताऱ्यापर्यंत : बेळगाव आणि मराठी प्रेमगीत

गजानन वाटवे यांचा जन्म ८ जून १९१७ रोजी बेळगावात झाला. कवितेला चाल लावायची, पेटीवर बसायचे आणि भरल्या रस्त्यासमोर ती एकट्याने गायची, ही रीत मराठीत रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव सर्वांत पुढे घ्यावे लागते. मराठी प्रेमगीताला आजचा आवाज मिळाला तो बराचसा या रीतीतून. वाटव्यांच्या जन्माआधी पाऊणशे वर्षे, १८४३ साली, याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले होते आणि वाटव्यांनंतर सात वर्षांनी बेळगावजवळच्या सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले. मराठी प्रेमगीताला नाटकात आणणारा, नाटकातून बाहेर काढून घराघरांत नेणारा आणि त्याला रागसंगीताची खोली देणारा, असे हे तीन माणसांचे काम. तिघेही मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या एकाच पट्ट्यातले, हे सहज घडलेले दिसत नाही.

प्रेमगीताला 'मी' आणि 'तू' एवढी दोनच माणसे पुरतात. त्यातला 'मी' नेमका कोण, या प्रश्नाचे उत्तर मराठीत दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत गेले. या गाण्याचा इतिहास हा बराचसा त्या बदलत्या 'मी'चा इतिहास आहे.

सुरुवात गावातल्या जात्यापासून करू. बेळगावहून खानापूरकडे निघाले की टिळकवाडी, उद्यमबाग, पिरनवाडी मागे पडतात आणि मच्छे येते. आज या गावाची ओळख औद्योगिक वसाहतीवरून आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या 'ज्ञानसंगम' या आवारावरून होते. पिठाची गिरणी येण्याआधी मात्र इथल्याही घरांत दिवस उजाडायचा तो जात्याच्या घरघरीने. दोघी बायका समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात, आणि एकीने ओवी सुरू केली की दुसरी ती पुरी करी. या ओव्यांत माया ओसंडून वाहते, पण तिचा मोहरा बहुतेक वेळा भावाकडे, आईकडे, माहेराकडे असतो. भाऊ कसा येईल, घोडा कुठे बांधील, त्याला पाट कुठे मांडायचा, हे सारे ओवीत उघडपणे येते. नवऱ्याविषयीची ओढ येते ती आडून: त्याच्या पागोट्याची, त्याच्या चालीची, शेतावरून यायला झालेल्या उशिराची चौकशी म्हणून. सासू पलीकडच्या खोलीत असताना याहून उघड बोलायची सोय नव्हती. त्या आडोशामुळेच ओवीतल्या प्रेमाला एक घट्टपणा आला, जो पुढच्या कितीतरी छापील कवितांना साधलेला नाही.

गावातल्या भजनात प्रेम राधेच्या नावाने यायचे. गवळणीत पुरुष गायक राधा होऊन कृष्णाशी भांडे, रुसे, वाट अडवल्याची तक्रार करी. उघड शृंगाराला जागा होती लावणीत. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ यांनी पेशवाईच्या अखेरीस तिला जे वैभव दिले, त्यात विरहाच्या आणि मीलनाच्या छटा एवढ्या बारीक आहेत की मराठी प्रेमकवितेचा पाया तिथेच शोधावा लागतो. पण ती गायची कोणी आणि ऐकायची कोणी, याचे नियम कडक होते. म्हणजे १८८० च्या आधी मराठी माणसाला प्रेम गायचे असेल तर त्याने राधा व्हायचे किंवा फडावर जायचे. स्वतःच्या नावाने, चार प्रतिष्ठित माणसांत, प्रेम गाता येत नव्हते.

ही कोंडी प्रथम फोडली रंगभूमीने. अण्णासाहेब किर्लोस्कर काही काळ बेळगावात शिक्षक होते, पुढे सरकारी कचेरीत होते. गोविंद बल्लाळ देवल बेळगावला शिकत असताना त्यांना अण्णासाहेबांचा सहवास लाभला आणि ते कायमचे नाटकाचे झाले. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. त्याआधीच्या मराठी नाटकात सूत्रधार गायचा आणि पात्रे त्यावर हावभाव करायची. किर्लोस्करांनी पात्रांच्याच तोंडी पदे घातली. हा बदल वरवर तांत्रिक वाटतो, पण प्रेमगीताच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. आता शकुंतलेची तगमग कोणी तिसरा सांगत नव्हता. शकुंतलाच सांगत होती.

दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, 'संगीत सौभद्र' आले. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाला मात्र तिला दुर्योधनाच्या घरी द्यायचे, आणि कृष्ण सगळ्यांना गोड बोलून आपल्याला हवे ते घडवून आणतो. कथा महाभारतातली, पण घर अगदी मराठी: मोठ्या भावाचा हट्ट, वहिनीची मध्यस्थी, लग्न ठरवताना मुलीला न विचारणे. पदांच्या चालींसाठी अण्णासाहेबांनी कुठलाही दरवाजा बंद ठेवला नाही. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीचा ठसका, बायकांच्या गाण्यांचे वळण आणि कानडी पदांच्या चाली त्यांनी एका ताटात वाढल्या. कानडी चाली त्यांना शोधायला जावे लागले नाही. गुर्लहोसूर आणि बेळगाव इथे त्या वाऱ्यावरच होत्या. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि मोरोबा वाघोलीकरांचा अर्जुन यांनी ही पदे गावोगाव नेली. प्रेमिक आणि प्रेमिका दोघेही पुरुष नट होते, तरी श्रोत्यांना त्यात काही खटकले नाही. पदे नाटकाबाहेर पडली, माजघरात गुणगुणली जाऊ लागली. मुलीने सुभद्रेचे पद म्हटले तर कोणाला रागावता येत नव्हते, कारण ते सुभद्रेचे होते. 'मी' आता राधा नव्हता. नाटकातले पात्र होता.

गुर्लहोसूरविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे. त्यांचा धंदा सुरू झाला बेळगावात, सायकलींच्या दुकानापासून, आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. पुढे तिथून निघालेल्या 'किर्लोस्कर' मासिकाने शिकलेल्या मराठी घरांत नव्या कथा आणि कविता नेल्या. एकाच आडनावाने आणि एकाच गावाने मराठी माणसाला पद दिले, नांगर दिला आणि वाचायला मासिकही दिले.

रंगभूमीने प्रेमगीताला जन्म द्यावा, असे मराठीतच घडले नाही. जपानात लोकप्रिय गाण्याच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा १९१४ सालच्या 'काचूशाचे गाणे' यापासून धरतात. टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' कादंबरीवरच्या नाटकात सुमाको मात्सुई या अभिनेत्रीने ते गायले, शिनपेई नाकायामा यांनी त्याला चाल दिली आणि नाटक न पाहिलेली माणसेही ते गाऊ लागली. आजच्या जपानी प्रेमगीतांच्या प्रचंड बाजारपेठेची एक मुळी त्या रंगमंचापर्यंत जाते. 'सौभद्र' त्याहून बत्तीस वर्षांनी जुने. दोन्हीकडे माणसाने प्रेमाचे गाणे आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि मग ते आपले केले.

दुसरीकडे कवितेत 'मी' स्वतंत्र होत होता. केशवसुतांनी १८८५ नंतर स्वतःच्या नावाने बोलणारी कविता लिहिली. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांनी कविता लिहितानाच ती गायची ठरवली. त्यांच्या कित्येक प्रेमकविता वाचताना ओठ आपोआप चाल शोधू लागतात. १९२३ साली पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाने कविता चारचौघांत सुरावर म्हणायची प्रथा पाडली. यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांच्या काव्यगायनाला लोक जमू लागले. माधव जूलियनांनी 'विरहतरंग' मध्ये प्रेमाची कथा सांगितली आणि फारसीतली गझल मराठीत आणली. मात्र हे कवी गायक नव्हते. कविता सुरात म्हणणे आणि गाणे यांच्यात एक ओढा होता, तो ओलांडायला गायक हवा होता, आणि एक यंत्रही.

ते यंत्र म्हणजे ग्रामोफोन, जुन्या पिढीच्या बोलण्यातला 'फोनो'. भारतात ध्वनिमुद्रणाला सुरुवात १९०२ साली झाली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांहून थोडेसे जास्त गाणे मावायचे. चावी भरायची, पोलादी पिन बसवायची, हलक्या हाताने ती कडेवर टेकवायची. थोडी खरखर, मग पेटीचा सूर, मग आवाज. बाजू संपली की पिन बदलायची, नाहीतर तबकडी खराब. घरात एकच फोनो असेल तर शेजारचे दाराशी येऊन उभे राहत. या तीन मिनिटांनी गाण्याचा बांधाच ठरवून टाकला. नाट्यपदातला विस्तार, ताना, पुनरावृत्ती यांना जागा उरली नाही. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि शेवट, एवढ्यात एक पूर्ण भावना सांगायची. भावगीत हे या मर्यादेचे अपत्य आहे, आणि त्याचे सौंदर्यही तिथूनच येते: गाणे संपते तेव्हा ऐकणाऱ्याला अजून हवे असते.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गोविंद नारायण जोशी या तरुण गायकाने विदर्भातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गायली आणि तिची तबकडी निघाली. रानात घुमणारी शीळ आणि ती ऐकणारी मुलगी, एवढाच विषय. कोणी देव नाही, राजा नाही, पुराणातले नाव नाही. मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथून धरतात. जोशी पुढे एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि पुढच्या कित्येक गायकांच्या तबकड्या त्यांच्या हातून गेल्या. ना. घ. देशपांड्यांचा 'शीळ' हा संग्रह निघाला तो १९५४ साली, म्हणजे कविता पुस्तकात येण्याच्या वीस वर्षे आधीच ती लोकांच्या ओठांवर होती. छापील पानाच्या आधी तबकडी, हा क्रम मराठी कवितेला नवा होता.

इथे वाटवे येतात. गाण्याच्या ओढीने ते बेळगाव सोडून लहान वयातच बाहेर पडले आणि पुण्यात स्थिरावले. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. तो जवळून बोलणारा होता. त्यांची खरी ताकद चाल लावण्यात होती. कवितेतला प्रश्न कुठे आहे, थबकणे कुठे आहे, हे ते आधी ओळखत आणि चाल तिथे वळवत. शब्द तोडून सुरात बसवण्यापेक्षा सूर शब्दाच्या मापाने कापावा, हा त्यांचा बाणा. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कविता समजे. कवी अनिल यांच्या 'गगनी उगवला सायंतारा' या कवितेला त्यांनी दिलेले रूप याचा उत्तम दाखला. संध्याकाळ, आकाशात एकच तारा, आणि कोणाची तरी आठवण. चालीत कुठेही घाई नाही. दिवस कलतो तशी ती खाली येते. वाटव्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रालाही हेच नाव दिले.

१९४० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवात वाटव्यांचे काव्यगायन हे मोठे आकर्षण होते. मंडपात जागा संपली की लोक रस्त्यावर बसत, रस्ता भरला की गॅलऱ्यांत उभे राहत. कर्ण्यांमुळे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. सोबत तबला, पुढ्यात पेटी आणि कवितांची वही, एवढाच सरंजाम. तिकीट नसल्याने गिरणीकामगार, विद्यार्थी, घरकाम आवरून आलेल्या बायका, सगळे एकाच सतरंजीवर. इतक्या लोकांनी एकत्र बसून एका खाजगी भावनेचे गाणे ऐकणे, हे मराठी समाजात त्याआधी घडले नव्हते. कीर्तनाला गर्दी जमे, तमाशाला जमे. पण प्रेमकवितेला, आणि तीही कुटुंबासह, ही गोष्ट वाटव्यांनी घडवली. पातकरांची 'दोन ध्रुवावर दोघे आपण', मनमोहन नातूंची 'राधे, तुझा सैल अंबाडा', त्याखेरीज 'मोहुनिया तुजसंगे', 'यमुनाकाठी ताजमहाल' अशी गाणी लोक पुन्हा पुन्हा मागत. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर याच गायकाने मनमोहनांचे शोकगीत गायले तेव्हा तोच समुदाय रडला. प्रेमगीताने कमावलेला विश्वास असा दुःखाच्या वेळीही उपयोगी पडला.

या गाण्यांत 'मी' कोण होता? पात्र नव्हते. कवीही मागे उभा होता, कारण श्रोत्यांना कवीचे नाव अनेकदा ठाऊकच नसे. 'मी' गायकाचा होता आणि गाणे संपताच तो ऐकणाऱ्याचा होई. गणपतीतून घरी परतणारा मुलगा चाल गुणगुणत असे तेव्हा तो कोणाचा तरी अभिनय करत नव्हता. मराठी माणसाला स्वतःच्या नावाने प्रेम गाण्याची मुभा इथे मिळाली. वाटव्यांचे सर्वांत मोठे देणे हेच आहे आणि त्याची नोंद पुरेशी घेतली गेलेली नाही.

पुरुषाच्या आवाजाला ही मुभा मिळाली तशी स्त्रीच्या आवाजालाही मिळत गेली. गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्वतः स्त्रीभूमिका केली आणि केशवराव भोळ्यांच्या चालींनी नाट्यपद भावगीताच्या जवळ आणले. मालती पांडे, माणिक वर्मा यांनी तबकड्यांतून आणि आकाशवाणीवरून घरगुती, संयत प्रेमभावना गायली. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर या त्रयीने मुलीचे, सुनेचे, वाट पाहणारीचे मन गाण्यात आणले. सावळारामांचे गाव येडेनिपाणी. सीमाभागातली तंबाखूची निपाणी ती वेगळी, हे सांगली जिल्ह्यातले. नावामुळे होणारा हा घोटाळा बराच जुना आहे. त्यांच्या 'मानसीचा चित्रकार तो' या गाण्यात प्रियकर कुठेही समोर येत नाही; तो मनातच चित्र काढत बसतो. जात्यावरच्या बाईने नवऱ्याला असेच आडून पाहिले होते.

बेळगाव या काळात काय ऐकत होते? १९५० साली धारवाडला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, ते मुख्यतः कानडी. १९५३ साली पुणे केंद्र आले, १९६३ साली सांगली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि सीमाप्रश्न उभा राहिला, पण रेडिओच्या सुईला सीमा नव्हती. एकाच घरात सकाळी धारवाड आणि संध्याकाळी पुणे लागत असे. 'भावगीत' हा शब्दही दोन्ही भाषांत तोच आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी मात्र कानडीत लिहिले आणि कानडी भावगीताला आपल्या कवितांचा खजिना दिला. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. पुण्यात रविकिरण मंडळ होते तसे धारवाडात बेंद्र्यांच्या मित्रांचे 'गेळेयर गुंपू' होते. दोन भाषांतले कवी एकाच सुमारास कविता गाऊ पाहत होते, आणि बेळगाव त्यांच्या मध्ये होते.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. विनोदी लेखक म्हणून ते इतके मोठे झाले की त्यांच्या चालींकडे लक्ष कमी जाते. राजा बढे यांचे 'माझिया माहेरा जा' हे ज्योत्स्ना भोळ्यांनी गायलेले गीत पुलंनी बांधले. मंगेश पाडगावकरांच्या 'शब्दावाचून कळले सारे' या प्रेमगीताची चालही त्यांचीच, गायले जितेंद्र अभिषेकींनी. न बोलता समजलेल्या प्रेमाची ही चाल कुठेही जोर करत नाही. गाणारा स्वतःलाच काहीतरी सांगत असल्यासारखी ती येते.

सुळेभावीचे कुमार गंधर्व, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, घरची भाषा कानडी. देवासला स्थायिक झालेल्या या गायकाने मराठी भावगीते मोजकीच गायली, पण अनिलांची 'अजुनी रुसून आहे' आणि 'आज अचानक गाठ पडे' ही दोन गाणी मराठी प्रेमगीताच्या इतिहासात वेगळ्या जागेवर बसतात. रुसलेल्या माणसाची समजूत घालताना शब्द संपतात आणि नुसता स्वर उरतो, ती जागा कुमारांनी दाखवली. वाटव्यांनी सूर शब्दाच्या मापाने कापला होता. कुमारांनी शब्दाला स्वरात थोडे विरघळू दिले. दोघांकडे कवी एकच, अनिल, आणि दोघेही एकाच जिल्ह्यातले.

१९६० च्या दशकात पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज घेऊन 'शुक्रतारा' आले. वाटव्यांचा सायंतारा आणि दात्यांचा शुक्रतारा ही वस्तुतः एकाच ग्रहाची दोन नावे. फरक इतकाच की पहिल्या गाण्यात माणूस एकटा ताऱ्याकडे पाहतो आणि दुसऱ्यात दोघे जण पाहतात. पंचवीस-तीस वर्षांत मराठी प्रेमगीतात दुसरे माणूस शेजारी येऊन बसले होते आणि त्याला स्वतःचा आवाज होता. पुढे दात्यांच्या याच नावाच्या मैफलींनी आणि कॅसेटींनी भावगीत आणखी दोन पिढ्यांपर्यंत नेले. फोनोवरची तबकडी माळ्यावर गेली. टेपरेकॉर्डर लग्नघरात आला.

ही परंपरा ओळीने ऐकायची असेल तर 'शीळ' पासून सुरुवात करावी, मग वाटव्यांचा सायंतारा, 'दोन ध्रुवावर' आणि 'यमुनाकाठी ताजमहाल'. त्यानंतर ज्योत्स्नाबाईंचे 'माझिया माहेरा जा', लताबाईंचे 'मानसीचा चित्रकार तो', अभिषेकींचे 'शब्दावाचून कळले सारे', कुमारांचे 'अजुनी रुसून आहे', आणि शेवटी शुक्रतारा. आधी 'सौभद्र'मधले सुभद्रेचे एखादे पद ऐकले तर मधला प्रवास जास्त ठळक होतो. वाटव्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींत पिनेची खरखर ऐकू येते. ती काढून टाकलेल्या प्रतींपेक्षा या प्रतींत त्यांचा आवाज जास्त जवळचा वाटतो.

गजानन वाटवे २ एप्रिल २००९ रोजी पुण्यात वारले. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.